कुठूनच न दिसणारं दुकान

तिनं हातगाडी आणखी वीतभर उजवीकडे सरकवली आणि पुन्हा पुलावर जाऊन पाहिलं. दुकानाच्या पाटीची शेवटची दोन अक्षरं अजूनही दिसतच होती.

संगणकावरच्या खेळातल्या गावाचा हा नकाशा पाचच्या आत पुढे पाठवायचा होता. कथा बदलली होती आणि बाजारामागची ती गल्ली आता कुणालाच नको होती.

"उडवू नकोस हां," प्रमुख जाता जाता म्हणाला होता. "एक घर काढलं की अख्ख्या बाजाराचा उजेड नव्यानं बसवावा लागतो. नुसतं झाकून टाक. तुझ्या तर डाव्या हातचा मळ!"

कचेरीत तिला भिंतवालीच म्हणत. नको ते झाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गल्लीतलं ते बाइंडिंगचं दुकान तिनं वडिलांच्या खऱ्या दुकानासारखं, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून लॅपटॉपवर बांधलं होतं. पुस्तकं दाबायचा शिकंजा किती उंच, पुठ्ठे कुठल्या फळीवर, सगळं त्यांना विचारून विचारून. शेवटी शेवटी ते नुसतं बोटांनी माप दाखवत. ते गेले आणि महिन्याभरात खरं दुकान दुसऱ्याचं झालं. उरलं होतं ते एवढंच.

बाहेरून झाकणं जमेना, तेव्हा तिनं नेहमीची युक्ती केली. आपलं पात्र थेट दुकानात नेऊन उभं केलं. इथून जे दिसतं, तिथूनच हे दिसणार. पूल दिसला, तिथं झाड लावलं. घंटाघर दिसलं, तिथं छप्पर वाढवलं. बाजार दिसला, तेव्हा दाराच्या तोंडाशीच विटांची भिंत घातली.

मग काहीच दिसेना.

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. खेळातला कोपरान् कोपरा चालून तपासणं हे त्यांचं काम. वयानं मोठ्या, म्हणून सगळ्यांच्या ताई.

"अगं भिंतवाले, स्वतःलाच चिणून घेतलंस की! नकाशावर तुझा ठिपका आतच आहे."

"हो."

"परतीची कळ दाब. चौकात येशील."

"नकाशा गेला की इथं कुणालाच येता येणार नाही, ताई."

ताईंचं हसू ओसरलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

तिनं पात्राला शिकंज्यामागच्या बुटक्या स्टुलावर बसवलं. इतक्या खालून हे दुकान तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिची सगळी मापं गिऱ्हाइकाच्या उंचीची. समोर विटाच विटा. चाळीस वर्षं वडील अशाच स्टुलावर बसून रस्ता बघत होते.

तिनं खालच्या ओळीतली एक वीट काढली. फटीतून गटाराचा काठ दिसला आणि बाजारातल्या माणसांच्या टाचा.

"आता बाहेरून दिसेल ना गं?" ताईंनी विचारलं.

"गटारात आडवं पडलं तर."

ताईंनी आपलं पात्र भिंतीसमोरून दोनदा चालवलं, पळवलं, उडी मारायला लावली.

"आपल्या खेळात आडवं पडताच येत नाही कुणाला," त्या हळूच म्हणाल्या आणि तक्त्यात लिहिलं : दिसत नाही. मग जरा थांबून, "पण वीट काढलीस कशाला?"

"पुस्तकांची खळ वाळायला हवा नको का, ताई?"

ताईंनी तक्ता मिटला.

"झालं का गं?" प्रमुखानं लांबून विचारलं.

"झालं," ती म्हणाली. बोट परतीच्या कळीवर नुसतं टेकलेलं होतं. फटीतून टाचा येत होत्या, जात होत्या.