शिट्टीची वाट

शनिवारी पुन्हा लग्न होतं. अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठी, उसाच्या जुन्या मळ्यावरच्या, आता लग्नांना भाड्याने मिळणाऱ्या त्या हवेलीत शनिवार लग्नाशिवाय जातच नसे. पांढरे उंच खांब, चारी बाजूंनी ऐसपैस व्हरांडा, नदीचा वारा खेळावा म्हणून समोरासमोर ठेवलेली दारं! पाहुणे फोटो काढून थकत. खांबांच्या विटा गुलामांनी माती तुडवून भाजल्या, हे मात्र कोणी सांगत नसे. लग्नात कशाला ते रडगाणं!

व्हर्लीन तिथली मुख्य स्वयंपाकीण. आगीच्या भीतीने स्वयंपाकघर हवेलीपासून लांब बांधलेलं, मधे छप्पर घातलेली वाट. भर दुपारी, चिटपाखरू नसताना, त्या वाटेवर शिट्टी ऐकू येई. व्हर्लीनच्या खापरपणजीने गुलामीत याच वाटेवरून मालकांची ताटं वाहिली होती. व्हर्लीनच्या घरी आजही कोणी शिट्टी वाजवत नसे.

मालकीणबाई लगबगीने आल्या. "व्हर्लीन, नवरीची हौस आहे गं. वाढपी जुन्या पद्धतीने शिट्टी वाजवत येऊ देत. किती गोड वाटेल!"

"बाई, ती पद्धत कशासाठी होती, ठाऊक आहे ना? गुलामाच्या तोंडात शिट्टी असली की त्याला ताटातला घास खाता येत नाही. शिट्टी थांबली की चाबूक."

"आज कोण मारतंय तुला? जमत नसेल तर सोमवारपासून येऊ नकोस."

व्हर्लीनच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणारी ती एकटी.

"मावशी, वाजवून टाकू," वाढपी ओटिस कुजबुजला. "पोट आहे ना आपल्याला?"

"पोट त्यांनाही होतं रे," ती म्हणाली आणि कोंबडीचं ताट तिने स्वतःच उचललं.

वाटेच्या टोकाला वऱ्हाडी मोबाईल सरसावून उभे होते. ती निघाली, मागोमाग ओटिस, आणि मागून शिट्टी सुरू झाली. भित्रा मेला, असं पुटपुटत तिने वळून पाहिलं. ओटिसचे ओठ घट्ट मिटलेले होते. शिट्टी तिच्या पावलाबरोबर चालत होती. सुकलेल्या तोंडाची, उपाशी शिट्टी.

व्हर्लीनच्या अंगावर सरसरून काटा आला. मग तिला भयंकर राग आला.

हवेलीच्या दारात ती थांबली. ताटातला चांगला मोठा तुकडा उचलून तिने तोंडात घातला आणि सगळ्यांदेखत सावकाश चावून खाल्ला. मागची शिट्टी थांबली.

"मीठ बरोबर पडलंय," ती नवरीला म्हणाली. "जेवा आता."

सोमवारी तिला कामावर घेतलं नाही. हवेलीत लग्नं अजून लागतात. आमंत्रण आलं तर तुम्ही जाल?