बुडाचा दुसरा थर

मित्रांनो, शिवणयंत्राच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेली ती विटक्या निळ्या रंगाची पिशवी दिसते ना, ती मी. आता माझ्यात कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या असतात. पण माझा जन्म चिंध्यांसाठी झाला नव्हता. मी नदीवर जायची. होडी हेलकावे खावो, पाऊस पडो, माझ्या पोटातलं सामान कोरडं ठेवायचं, एवढंच माझं काम होतं.

जिने मला शिवलं तिला तिची थोरली बहीण चिऊ म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. चिऊ तंबू, ताडपत्र्या आणि पिशव्या शिवते. घरामागची ही खोली म्हणजे तिचा कारखाना. मध्ये लांब टेबल, त्यावर कात्र्या आणि खडू, कोपऱ्यात उभे केलेले कापडाचे तागे आणि दांडी तुटलेल्या चहाच्या कपात भरलेली बकलं. जमिनीवर तर दोऱ्यांचा इतका कचरा असायचा, की चिऊ बाहेर निघाली की तिच्या चपलेला चार धागे चिकटून तिच्यासोबत फिरायला जायचे.

ताई, म्हणजे ती थोरली बहीण, बेकरीत काम करायची. वर्षानुवर्षं पीठ मळून तिचे हात दणकट झाले होते, पण उजवा खांदा मात्र कामातून गेला होता. दोघी बहिणी दरवर्षी सुट्टी काढून त्यांच्या लांबट, अरुंद होडीतून नदीवर जायच्या. कॅनू म्हणतात अशा होडीला. ताई मागे बसून दिशा धरायची, चिऊ पुढे बसून वल्हवायची. नदीत खडक लागले की होडी काठाला आणायची, सामान पाठीवर घ्यायचं आणि पुढचं शांत पाणी लागेपर्यंत चालायचं. त्या वाटेवर ताईचा खांदा ठणकायला लागायचा.

"अगं, आपण नदीवर आलोय की हमालीला?" असं ती हसत म्हणायची. पण तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते चिऊला दिसायचं.

म्हणून चिऊ हात धुऊन वजनाच्या मागे लागली. तंबूचे खांब तिने काढून टाकले. वल्हीच उभी करून त्यांवर ताडपत्री ताणायची असं ठरवलं. तीन भांड्यांचं एक भांडं केलं. दात घासायच्या ब्रशांच्या दांड्या अर्ध्यावर कापल्या, तेव्हा ताई म्हणाली, "आता माझे दातही काढून ठेव बाई घरी. तेवढंच ओझं हलकं!"

त्याच दिवसांत चिऊने मला शिवलं. कापड इतकं पातळ, की उन्हात धरलं तर पलीकडचा हात दिसे. शिवणीवर आतून पट्टी ठेवून ती गरम इस्त्रीने चिकटवलेली. माझं तोंड घड्या घालत गुंडाळायचं आणि दोन्ही टोकं बकलात अडकवायची, की थेंबभर पाणी आत शिरायची बिशाद नव्हती. पण बुडाला मात्र चिऊने जाड कापडाचा दुसरा थर लावला. खांद्यामुळे ताई मला उचलणार नाही, ओढणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. मुक्कामाच्या जागी दुसरी मंडळी मला हातात घेऊन बघायची. "कुठून आणली हो?" असं विचारायची. ताई ऐटीत सांगायची, "आमच्या चिऊने शिवली. माझ्यासाठी." मी दगडांवरून, मुळांवरून फरफटत जायची, पण माझ्या पोटातल्या स्लीपिंग बॅगा आणि कपडे कसे कोरडे ठणठणीत असायचे.

माझं नाव झालं आणि तिथूनच घात झाला. जलसफरीचं सामान विकणारा एक मोठा दुकानदार एकदा कारखान्यात आला. त्याने मला एका बोटावर टांगलं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवून त्यावर ठेवलं.

"छान आहे. पण अजून हलकी करा," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आधी काट्याकडे बघतं, मग कापडाकडे. हा खालचा थर कशाला?"

"ओढली तर फाटू नये म्हणून."

"ओढायची नाही, असं लेबलवर छापू की! हा थर काढा, आणि मी तुमच्या भरपूर पिशव्या घेतो."

तो गेल्यावर चिऊ आकडे मांडत बसली. आजवर कुणी तिच्याकडून भरपूर काही घेतलं नव्हतं. एक तंबू, दोन ताडपत्र्या, असंच चालायचं. शेवटी तिने मला टेबलावर उपडं केलं, शिवण उसवली, जाड थर काढला आणि सुईची भोकं पाण्यात न विरघळणाऱ्या डिंकाने बुजवली. माणसांच्या पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझ्या बुडाखालची त्या दिवशी सरकली.

थंडीच्या तोंडावर दोघींची सफर ठरली. सामान भरताना ताईने मला हातात घेतलं आणि विचारलं, "हिचं काही केलंस का गं? वेगळी लागतेय."

"छे! तीच आहे," चिऊ म्हणाली.

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ताईला न सांगता पिशवी वापरू, तिला काहीच फरक कळला नाही तर पिशवी उत्तीर्ण, असा तिचा हिशेब होता. पण तो हिशेब तिने एकटीनेच केला होता.

पहिल्याच खडकाळ जागी ताईने नेहमीप्रमाणे माझा पट्टा धरला आणि मला फरफटत काठावर नेलं. मागून येणाऱ्या चिऊने ते पाहिलं. तिने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. एका धारदार दगडाने माझ्या बुडाला ओरखडा काढला आणि तिथे टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं. मला तोंड आहे, मित्रांनो, पण ते घड्या घालून बकलात बंद केलेलं. मी कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी नदी एका मोठ्या तलावात शिरली. दुपारी वारा सुटला. "मधून नको, काठाकाठाने जाऊ," ताई म्हणाली आणि तिने होडी वळवली. वळवतानाच आडवी लाट आत आली, तिच्या मागोमाग दुसरी, आणि होडी कलंडली. दोघी पाण्यात. मला होडीला बांधलेली दोरी हिसक्याने सुटली आणि मी वाहत निघाले.

लाइफ जॅकेटमुळे दोघी तरंगत होत्या. चिऊने होडी पकडली. ताई मात्र माझ्या मागे निघाली.

"ताई, सोड ती! इकडे ये, होडीला धर!"

"वेडी आहेस का? सगळं कोरडं तिच्यातच आहे! ती गेली तर काठावर जाऊन काय पांघरायचं?"

दुखऱ्या खांद्याने हात मारत ताईने मला गाठलं. माझा पट्टा तिने उजव्या हाताच्या बोटांभोवती घट्ट गुंडाळला आणि मला ओढू लागली. लाटांनी मला दगडांवर आपटलं, भोकाची फट झाली, आणि मी आत पाणी घेत गेले. हलकी हलकी म्हणून जिचं कौतुक झालं, ती मी त्या दिवशी धोंड्यासारखी जड झाले. तरी ताईने मला सोडलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता ना!

काठावर चिऊने माझं बकल काढलं. आतून बदाबदा पाणी आलं. स्लीपिंग बॅगा, लोकरीचे कपडे, मोजे, सगळ्याचा लगदा झालेला. ताई बघतच राहिली.

"तोंड नीट बंद केलं होतं मी," ती म्हणाली. "चांगल्या घड्या घातल्या होत्या."

"तोंडाचं नाही, ताई." चिऊने मला उलटं करून बुडाची फट दाखवली. "मी बुडाचा थर काढला होता."

"कधी?"

"तो दुकानदार येऊन गेल्यावर."

ताईचे दात कडकड वाजत होते. चिऊने होडी आडवी करून वाऱ्याच्या बाजूला लावली, वर ताडपत्री ताणली, लाइफ जॅकेटं जमिनीवर अंथरून त्यांवर ताईला बसवलं. कपडे पिळून काढले. होडीत बांधून ठेवलेला स्टोव्ह पेटवून पाणी गरम केलं, बाटलीत भरलं आणि ती बाटली ताईच्या काखेत दिली. मग तिला कवटाळून बसली. पण थोड्या वेळाने ताईची थरथर थांबली आणि ती पुटपुटली, "मला झोप येतेय गं."

थरथर थांबणं हे बरं होण्याचं लक्षण नव्हतं, हे चिऊला माहीत होतं. तिने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि ओठ पांढरे पडेपर्यंत फुंकली. मध्येच ताईला हलवून ती ओरडायची, "ताई, माझ्याशी बोल! शिव्या दे मला, पण बोल!"

शिट्टी ऐकून एक कोळी मोटरबोट घेऊन आला. त्याने आपला जाड कोट ताईला गुंडाळला आणि बोट पळवली. "बाईंना जागं ठेवा," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

ताई वाचली. पण माझा पट्टा ज्या दोन बोटांना करकचून आवळला होता, त्या बोटांची जाणीव परत आली नाही. मित्रांनो, बेकरीवालीला पीठ बोटांनीच कळतं. सैल झालंय की घट्ट, अजून मळायचं की थांबायचं, ते डोळ्यांना दिसत नाही. ताईला आता पाव भट्टीत सरकवण्याचं काम दिलं. पिठाला दुसरीचे हात लागू लागले.

भावजी, म्हणजे ताईचे यजमान, एकदा तिचं सफरीचं उरलेलं सामान न्यायला कारखान्यात आले. दारातच उभे राहून म्हणाले, "ती तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही. काहीच बोलत नाही. सध्या फोन करू नकोस." चिऊने मान हलवली. ते गेल्यावर ती टेबलावर डोकं टेकून रडली.

मग तिने मला काखोटीला मारलं आणि ती थेट दुकानात गेली. फाटकं बूड वर करून मला दुकानदाराच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण तुमच्या ताईंनी ओढली म्हणून फाटली. माल चांगलाच आहे."

"लोक ओढणारच. दमलेली माणसं ओढतात. मी दोन थरांचीच शिवीन."

"मग ती मला नको. आणि हे बाहेर कुठे बोलू नका. तुमचंच नाव खराब होईल."

"मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार आहे," चिऊ म्हणाली आणि मला उचलून बाहेर पडली. पुढे त्याच्या दुकानात दुसऱ्या कुणाच्या एकेरी बुडाच्या पिशव्या आल्या. माझ्याहून हलक्या आहेत म्हणे, आणि खपतातही.

मी भिंतीवर आले. धूळ खाल्ली, चिंध्या गिळल्या. कुणी गिऱ्हाईक आलं की चिऊ माझ्या फटीतून हात घालून दाखवते आणि काय झालं ते सांगते. काही जण ऐकून पिशवी घेतात. काही जण ऐकून निघून जातात.

एक संपूर्ण वर्ष सफरीवाचून गेलं. मग एका सकाळी ताई आली. चिऊने गडबडीने खुर्चीवरचं कापड बाजूला केलं, पण ताई बसली नाही. ती सरळ माझ्याकडे आली आणि डाव्या हाताने माझं बूड चाचपत राहिली.

"नवी शिवलीये तुझ्यासाठी," चिऊ हळूच म्हणाली. "तीन थर लावलेत बुडाला. कितीही ओढ."

ताईने मान हलवली.

"मला तीन थर नको होते गं चिऊ. एक असता तरी चाललं असतं. तू नुसतं सांगायचं होतंस. मी हिला उचलून नेलं असतं."

चिऊने नवी पिशवी तिच्यापुढे धरली. ताईने ती हातात घेतली नाही, आणि नको असंही म्हणाली नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

मित्रांनो, हलकं होण्यात काहीच गैर नाही. प्रवासाला निघताना ओझं जरूर कमी करा. वस्तूंना जपा, त्यांचे ओरखडे वेळीच बघा. पण तुम्ही केलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना ती कुठे नाजूक आहे, ते त्याला आधी सांगा. माणसं फार मोठ्या विश्वासाने पट्टा बोटांना गुंडाळतात.