कमळजाचा आवाज

“मादाम, तुम्ही आजपर्यंत किती वेळा मेलात?”

उर्वीनं हे विचारलं फ्रेंचमध्ये, ताठ उभं राहून, माइक दोन्ही हातांनी आइस्क्रीमच्या कोनासारखा धरून. विचारून झालं आणि मग तिच्या लक्षात आलं की सभागृहातली दोनेकशे माणसं एकदम गप्प झाली आहेत. फ्रेंच शिकवणाऱ्या शर्मिला मिसनी कपाळावर हात मारला. त्यांनी दिलेल्या चिठ्ठीवर ‘तरुण पिढीला आपण काय संदेश द्याल?’ असं सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं होतं. ती चिठ्ठी आता उर्वीच्या बुटाखाली होती.

मागच्या रांगेत प्रणिता आणि फैजान खुर्च्यांमध्ये इतके खाली घसरले होते की नुसते केस दिसत होते. सगळी आग त्यांनीच लावलेली. कुवेतमध्ये फ्रेंच चित्रपटांचा आठवडा होता आणि त्याची तयारी म्हणून अकरावीच्या फ्रेंचच्या वर्गाला ओडील केर्लान या नटीचे पाच सिनेमे दाखवले होते. पाचही सिनेमांत बाई मेल्या. एकदा बुडून, एकदा क्षयानं, एकदा आगगाडीखाली, एकदा नवऱ्यानं गोळी घातली म्हणून. आणि एक तर चक्क विनोदी सिनेमा होता, त्यात माशाचा काटा अडकून. फैजाननं वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक मरणाची एक उभी रेघ मारली होती. “विचार की त्यांना, टोटल किती,” तो बसमध्ये म्हणाला. “हिची काय हिंमत!” प्रणिता म्हणाली. झालं, पैज लागली शावरम्याची.

दोन महिन्यांपूर्वी उर्वीनं असली पैज घेतलीच नसती. पण दोन महिन्यांपूर्वी तिच्या दातांवरच्या तारा निघाल्या, आणि तेव्हापासून तोंड मिटून बसणं म्हणजे तिला फुकट गेलेला वेळ वाटायला लागला होता.

व्यासपीठावरच्या मादाम केर्लान पंचाहत्तरीच्या. बारीक चण, पांढरे केस कानाच्या वर कापलेले, पायात सपाट चपला. त्यांनी मान तिरकी करून उर्वीकडे पाहिलं आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की माइक शिट्टी मारायला लागला.

“सतरा वेळा,” त्या म्हणाल्या. “पण पहिल्यांदा मेले ना, तेव्हा किंकाळी दुसरीनंच मारली.”

दुभाष्या इंग्रजीत सांगत होता, पण उर्वीनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तिला मूळचंच कळत होतं. आणि का कळतंय, तेही एकदम कळलं. बाईंचा ‘र’! तीन वर्षं शर्मिला मिस सांगत होत्या की फ्रेंच ‘र’ घशातून यायला हवा, गुळण्या करताना येतो तसा. तुमचा हा भाकरीतला ‘र’ तिकडे चालत नाही. आणि इथे ही खुद्द फ्रान्सची नटी भाकरीतला ‘र’ म्हणत होती, जीभ टाळ्याला लावून, खणखणीत. प्रणितानं मागून उर्वीच्या पाठीत बोट खुपसलं. शर्मिला मिस आपल्या ओढणीच्या काठाकडे बघत बसल्या.

“दुसरी म्हणजे?” उर्वीनं विचारलं. माइक परत घ्यायला आलेल्या माणसाला तिनं हातानंच थांब म्हटलं.

मग मादामनी सांगितलं. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं त्यांचं गाव एवढंसं. बंदर, चर्च आणि मासे डब्यात भरायचा कारखाना. सतराव्या वर्षी त्या तिथे डब्यांत तारल्या रचत होत्या, डोकी एका बाजूला, शेपट्या दुसऱ्या. वादळाचं शूटिंग करायला पॅरिसहून मंडळी आली. दिग्दर्शकाला या पोरीचा चेहरा आवडला. त्यानं तिला पॅरिसला नेलं आणि पहिल्याच सिनेमात समुद्रात बुडवलं. सगळं छान जमलं, फक्त तिनं तोंड उघडलं की लोक हसायचे. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा ‘र’ तो. नायिका अशी बोलते का कुठे? म्हणून शूटिंग संपल्यावर स्टुडिओत दुसऱ्या एका बाईला बसवून तिची सगळी वाक्यं पुन्हा बोलून घेतली.

“एक नाही, नऊ सिनेमे. चेहरा माझा, आवाज तिचा. तिसरा सिनेमा आमच्या गावात लागला. आई बघायला गेली, घरी आली आणि मला म्हणाली, ‘ओडील, तुझ्या तोंडात बसून ती कोण बोलत होती?’”

सभागृह हसलं. उर्वी हसली नाही. कारण उद्या, शुक्रवारी दुपारी तीन वाजता, राई भागातल्या एका फरशांच्या शोरूमच्या वरच्या गोदामात, नाटकाच्या रेकॉर्डिंगला, उर्वीच्या तोंडात जुईलीताई बसणार होती.

मराठी मंडळाच्या नाटकात यंदा उर्वी नायिका होती. नाटक दिनकरकाकांचं, लिहिलेलंही त्यांनीच, बसवलेलंही त्यांनीच. हॉलमध्ये माइक चार आणि पात्रं अकरा, म्हणून मंडळाची पद्धत अशी की संवाद आधी रेकॉर्ड करायचे आणि स्टेजवर नुसते ओठ हलवायचे. बहुतेक वेळा ज्याचे ओठ, त्याचाच आवाज. पण उर्वीची गाडी ‘ळ’पाशी अडकली. कुवेतमध्ये जन्मलेली पोर; घरी आई मराठीत विचारते, ही इंग्लिशमध्ये उत्तर देते, शाळेत हिंदी, कोपऱ्यावरच्या दुकानात अरबी-हिंदीचं कडबोळं. या सगळ्यात ‘ळ’ कुठे लागतच नव्हता. तारा निघाल्या की येईल, असं सगळे म्हणायचे. तारा निघाल्या. ‘ळ’ काही आला नाही. आणि दिनकरकाकांनी नायिकेचं नाव ठेवलं होतं कमळजा.

“मी कमलजा!” असं उर्वी पहिल्या तालमीत आवेशानं म्हणाली, तिथवर ठीक होतं. पण दुसऱ्या अंकात वादळात होडी उलटते आणि कमळजा टाहो फोडते, “माझं बाळ! कुणी माझं बाळ पाहिलं का?” उर्वी अगदी जीव ओतून ओरडली, “माझं बाल! कुणी माझं बाल पाहिलं का?” त्यावर, डोक्यावर औषधालाही केस नसलेल्या आलोककाकांनी टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, “इथेही नाही गं!” तालीम पंधरा मिनिटं थांबली होती.

मग दिनकरकाकांनी तिला बाजूला घेतलं. “बेटा, तू दिसतेस फर्स्टक्लास. आवाज जुईली देईल. कुणाला कळणारसुद्धा नाही.” आईबाबा खूश. पोस्टरवर उर्वीचा फोटो, हिरव्या नऊवारीत. उर्वीही खूश होती, आज सकाळी अकरापर्यंत.

“ती कोण होती?” आता तिनं विचारलं. हा प्रश्न चिठ्ठीवरही नव्हता आणि पैजेतही नव्हता. “ती आवाजवाली. तिचं नाव काय?”

मादामनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “एकदाच भेटले तिला. आठव्या सिनेमाच्या वेळी, स्टुडिओच्या दारात. माझ्याहून बुटकी, माझ्याहून मोठी, सर्दी झालेली. ती खोकली, आणि मला वाटलं, अरेच्चा, मी अशी खोकते होय! मला म्हणाली, ‘तुमचे ओठ फार घाई करतात हो. जरा हळू हलवाल? मला गाठता येत नाही.’ बस, एवढंच. नाव इव्हेत. आडनाव मी विचारलंच नाही. सिनेमाच्या नामावलीत ते कधी आलं नाही. पुढे वीस वर्षं शोधलं. कुणाला आठवेना.”

“आणि नऊ सिनेमांनंतर?”

“नंतर मी हट्ट धरला, माझाच आवाज घ्या. त्यांनी आवाजही घेतला नाही आणि चेहराही घेतला नाही.” मादामनी खांदे उडवले. “चार वर्षं परत तारल्या रचल्या. मग एका सिनेमात गिऱ्हाइकांवर खेकसणारी खाणावळवाली हवी होती. खेकसायला मी तयारच होते. लोक म्हणतात माझी कारकीर्द त्या पहिल्या बुडण्यापासून सुरू झाली. मी म्हणते, त्या खेकसण्यापासून.”

परतीच्या बसमध्ये फैजान “दोन शावरमे, दोन, तू लेजंड आहेस!” म्हणून नाचत होता. उर्वीनं त्याला हातानं बाजूला सारलं आणि जुईलीताईला फोन लावला. जुईलीताई चोवीस वर्षांची, शहरातल्या एका बँकेत नोकरीला. तिची जेवणाची सुट्टी चालू होती.

“ताई, एक विचारू? तू स्वतः का नाही काम करत?”

“करतेच की. सुट्टी तेवढी जेवणाची अर्धा तास.”

“तसं नाही गं. कमलजाचं काम.”

“कमळजा,” जुईलीताई सवयीनं म्हणाली. मग हसली. “मला कुणी विचारलं नाही.”

“मी विचारतेय ना.”

“वेडी आहेस का? अगं, गेल्या वर्षी राणीचा आवाज मी होते, त्याच्या आदल्या वर्षी त्या डॉक्टरीणबाईंचा. तीन वर्षं मंडळाची हिरॉइन मीच आहे, फक्त दिसत नाही. आणि माझ्यासारखी जाडी बुडाली तर लोकांना दया होडीची येईल.”

हा विनोद तिनं इतक्या सफाईनं केला की उर्वीला वाटलं, हिनं हा आधीही पुष्कळदा केला असणार.

“पण तुला मूव्ह्ज येतात का? कुठे वलायचं, कुठे बसायचं?”

पलीकडून डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. “टाहो फोडताना तू डावीकडे वळतेस,” जुईलीताई हळूच म्हणाली. “उजवीकडे वळायला हवं. समुद्र तिकडे आहे.”

उर्वीला आधी रागच आला. म्हणजे सहा आठवडे ती समुद्राकडे पाठ करून बाळ शोधत होती, आणि हे फक्त पडद्यामागे बसणाऱ्या बाईला दिसलं होतं!

फहाहीलला घरी पोचेपर्यंत तिचं मन दहा वेळा फिरलं. पोस्टरवरचा फोटो तर इतका भारी आला होता. ती नऊवारी खास नाशिकहून शिवून आली होती. आणि आवाज कुणाचा हे खरंच कुणाला कळलं नसतं, काकांनी खोटं सांगितलं नव्हतं. खोलीचं दार लावून ती आरशासमोर उभी राहिली. मोबाइलवर जुईलीताईनं पाठवलेलं ट्रायल रेकॉर्डिंग लावलं आणि ओठ हलवायला लागली. ओठ पुढे पळायचे, आवाज मागून यायचा. मग आवाज पुढे, ओठ मागे. आरशात एक सुंदर मुलगी मासळीसारखी तोंड उघडत आणि मिटत होती. तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा तिनं मोबाइल बंद केला, उजवीकडे वळली आणि स्वतःच ओरडली, “माझं बाल!”

आई धावत आली. “काय गं, काय झालं?”

“काही नाही. ॲक्टिंग.”

“बाई गं, माझ्या अंगावर काटा आला,” म्हणत आई चहा टाकायला गेली. जाताजाता थांबून म्हणाली, “बाळ गं, बाळ.”

साडेचारला बाबा मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीतून आले, हातपाय धुऊन चिवड्याची वाटी घेऊन बसले, तेव्हा उर्वी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली.

“आई, बाबा, मला एक सांगायचंय. आणि मी मराठीत सांगणारे, म्हणजे मध्ये बोलायचं नाही.”

“मराठीत?” बाबांनी वाटी खाली ठेवली. “मेधा, प्रकरण गंभीर आहे.”

“कमलजा मी करणार नाही. जुईलीताई करणार. तिचाच आवाज, तिचाच चेहरा.”

“अगं, पोस्टर!” आईचा कप बशीवर आदळला. “नाशिकला आजीला पाठवलंय मी, मामाला पाठवलंय, सगळ्या ग्रुप्सवर टाकलंय! कुणी काही बोललं का तुला? जुईली काही म्हणाली?”

“ती कशाला म्हणेल? तिला पटवायला मला वीस मिनिटं लागली, अजून ‘बघू’च म्हणतेय. आई, तीन वर्षं ती नाटक करतेय आणि तुम्ही कुणी तिला बघितलंच नाहीये. आणि मला विचारशील तर मी तिथे काय करते? नुसती उभी राहते. पोस्टरसारखी.”

बाबा हसायला लागले होते ते थांबले. “दिनकररावांना चालेल?”

“उद्या विचारणार. नाही म्हणाले तर भांडणार. तरी नाही म्हणाले तर ती उभ्या उभ्या एकदा करून दाखवेल. मग बघू काका काय बोलतात ते.”

“बरं, आणि तू?” आईचा आवाज एकदम बारीक झाला. “तुला एवढी हौस स्टेजची. तू काय, खाली बसून टाळ्या वाजवणार?”

“छे! वादलाची बातमी घेऊन ती बाई येते ना धावत, तिचं काम करणाऱ्या काकू इंडियाला गेल्यात. ते मी करणार. दोन वाक्यं आहेत.”

“कोळणीचं?” बाबा म्हणाले. “अगं, तिच्या दोन वाक्यांत चार ‘ळ’ आहेत!”

“पाच. मी मोजले. आणि रेकॉर्ड करणार नाही, तिथल्या तिथे बोलणार. ती ओरडतच येते, तिला माइक कशाला? नाटकाला अजून तीन आठवडे आहेत. तोपर्यंत ‘ळ’ आला तर आला. नाही आला तर लोक हसतील, हसू देत, पण ती कोलीण मीच बोलणार. हे ठरलंय.”