पहिल्या नंबरचा खेळ, दुसऱ्या नंबरचा कंट्रोलर

मी या घरातला दुसऱ्या नंबरचा कंट्रोलर बोलतोय. दोन नंबरचा म्हटल्यावर लगेच भुवया उंचावू नका. रीतसर दुकानातून, बिलासकट आलोय. टीव्हीवर गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, वर बटणं आणि दोन अंगठ्यांसाठी दोन कांड्या असलेला, तोच मी. माझ्या पोटात एक छोटीशी मोटर आहे. खेळात कोणी आपटलं की ती थरथरते. एरवी थरथरत नाही म्हणून लोकांना वाटतं, याला काही वाटतच नाही.

वाटतं. मी जळतो. कोणावर, तर पहिल्यावर.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात जन्मलो, एकाच साच्यातून निघालो. रंग तोच, बटणं तीच. पण तो गेमच्या यंत्राबरोबर एकाच खोक्यात बसून आला आणि मी मागाहून सुटा आलो. एवढ्याच पुण्याईवर तो पहिला. टीव्हीशेजारी चार्जिंगचं स्टँड आहे, त्यावर स्वारी दिवसभर दिमाखात बसलेली असते. माझी जागा खालच्या खणात, बिघडलेल्या टॉर्चच्या शेजारी. मला चार्ज करायची आठवण पाहुणा दारात आल्यावर होते.

यंत्र या घरातल्या धाकटीचं. तिशी उलटली तरी सगळे तिला छोटी म्हणतात. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचे दात कानशीने घासायचे आणि संध्याकाळी येऊन राक्षसांचे पाडायचे. तिचा थोरला भाऊ, दादा, लिफ्ट दुरुस्त करतो. मला आणलं ते त्याच्यासाठी. त्याचे अंगठे रुंद, नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ, कितीही घासली तरी न जाणारी. पहिल्याला छोटी, मला दादा, अशी वाटणी होती. तशी ती वाईट नव्हती. फक्त छोटी रोज खेळायची आणि दादा सुट्टीच्या दिवशी, तोही दोघांचा खेळ असला तरच. बाकीचे दिवस मी खणात आणि तो तिच्या हातात. बटणं दाबल्याचा आवाज खणात स्पष्ट ऐकू येतो हो.

आता या घरातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. वर्षाच्या शेवटच्या सुट्टीला, दुपारची जेवणं झाली की छोटी त्या वर्षी खेळलेल्या खेळांचे नंबर लावते. खालून वर, तोंडी, सगळ्यांसमोर. नियम एकच: ज्या खेळाचा शेवट तिने स्वतः पाहिला, पडद्यावर नावं वर सरकताना पाहिली, त्यालाच नंबर. पहिल्या आलेल्या खेळाची डबी पुढचं वर्षभर टीव्हीशेजारी उभी राहते आणि तो खेळ पुन्हा पुन्हा लागतो. बाकीचे दुकानात देऊन त्याबदली दुसरे आणायचे. आजवर दरवर्षी पहिला यायचा तो एकट्याने खेळायचा खेळ, म्हणजे पहिल्याचाच. दरवर्षी वाटायचं, यंदा तरी. दरवर्षी तोंडात मारल्यासारखा खणात परत.

यंदा मात्र नक्की होतं. यंदा घरात 'उचलाउचली' आला होता. नाव त्या दोघांनीच ठेवलेलं; डबीवरचं नाव कोणी घेतलंच नाही. दोन हमाल लोकांची घरं हलवतात. सोफ्याचं एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, आणि जिन्याने खाली. एकाने उलटं चालायचं. सोफा आपटला की मी थरथरणार, छोटी ओरडणार, "दादा, डावीकडे! तुझी डावी नाही, माझी डावी!" आणि दादा हसून हसून मला खाली ठेवणार. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस विचाराल तर ते हेच. खेळात शेवटचं एक घर उरलं होतं. ते दोघांनी मिळूनच करायचं, असं त्यांनी एकमेकांना बजावून ठेवलं होतं.

मध्येच दादाचं लग्न झालं.

वहिनी आली. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते. स्वभावाने गरीब, हसरी. तिच्यात खोट काढायची तर भिंग लावून शोधावी लागेल. पण सुट्टीच्या दिवशी दादा तिच्याबरोबर बाहेर जाऊ लागला. छोटी मला चार्ज करून समोर ठेवायची, वाट बघायची, आणि शेवटी पहिल्याला उचलून एकटीच तलवारवाला खेळ लावायची. त्या दिवसांत तिने राक्षस जरा जास्तच मारले.

मग एका रविवारी लॅबमध्ये तातडीची कवळी आली आणि छोटीला जावं लागलं. मागे दादा आणि वहिनी. खण उघडला. मला वाटलं, आला माझा माणूस! त्याने मला उचललं, पुसलं आणि वहिनीच्या हातात दिलं. स्वतः हात घातला तो पहिल्याला. त्याचे ते काळ्या रेघांचे अंगठे, माझे अंगठे, दुसऱ्याच्या कांड्यांवर! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी खेळात कोणी आपटलं नाही तरी थरथरलो असतो. आणि वहिनी तर मला चष्म्याची नाजूक काच धरावी तशी धरून बसली होती. तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी शेवटचं घर हलवलं. पडद्यावर नावं वर सरकली.

चार दिवसांनी छोटीने खेळ लावला, तर पहिल्याच पडद्यावर 'पूर्ण'.

"दादा, हा कोणी संपवला?"

दादा लिफ्ट अडकावी तसा अडकला. "अगं, ते… सहज बसलो होतो रविवारी. आम्ही दोघं."

"सहज," छोटी म्हणाली. टीव्ही बंद केला आणि आत गेली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिने त्या खेळाचं नाव काढलं नाही.

वर्षाची शेवटची सुट्टी आली. जेवणं झाली, टेबल पुसलं, आणि छोटी उभी राहिली. मला तिने टेबलावरच ठेवलं होतं, का ते मला तेव्हा कळलं नाही.

"पाचवा, गाड्यांचा. गाड्या छान, रस्ते तेच ते. चौथा, हॉटेलातल्या खुनाचा. खुनी माळी आहे हे मला पहिल्याच तासात कळलं, उरलेला वेळ मी बिचाऱ्या डिटेक्टिव्हला कळायची वाट बघितली. तिसरा, बेटावरच्या बागेचा. लॅबमधून दमून आलं की तिथे नुसतं पाणी घालायला बरं वाटायचं. दुसरा, तलवारवाला. इतक्यांदा मेले, पण एकदाही वाटलं नाही की खेळाने फसवलं."

"आणि पहिला?" दादाने हळूच विचारलं.

"पहिला कोणीच नाही."

"छोटे, उचलाउचलीला काय झालं?"

"मी शेवट पाहिला नाही. ज्याचा शेवट पाहिला नाही त्याला नंबर नाही. नियम म्हणजे नियम."

"पण आम्ही पाहिलाय ना," वहिनी म्हणाली.

"नंबर मी लावते, वहिनी. तुम्ही दोघं नाही." आणि मग तिने मला खेळाच्या डबीसकट कापडी पिशवीत टाकलं. "उद्या दुकानात देऊन येते. याचंही आता घरात काही काम नाही."

मी पिशवीत. बाहेर स्टँडवर पहिला, चार्जिंगचा हिरवा दिवा लावून. मला त्याचं तोंडही बघवेना.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेला. छोटी पिशवी खांद्याला लावून बूट घालत होती, तोच वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"जायच्या आधी ऐकून घे. तो नको म्हणत होता. शेवटचं घर छोटीबरोबरच खेळणार, असंच म्हणत होता. मीच हट्ट धरला."

"का?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. जेवताना तुम्ही दोघं त्या सोफ्यांबद्दल, जिन्यांबद्दल बोलता आणि लोळेपर्यंत हसता. मी आपली मध्ये मिठाच्या डबीसारखी. मला काही कळायचं नाही. हेवा वाटायचा गं तुझा. वाटलं, एकदा तरी त्याच्या शेजारी बसून तेच करून बघावं."

छोटी एक बूट पायात, एक हातात अशी बसून राहिली.

"माझा?" ती म्हणाली. "आणि मी इथे तुझ्यावर जळतेय! वहिनी, मला खेळाचा राग नाही आला. दादाच्या शेजारची जागा गेली, त्याचा आला. मोठ्या माणसाने बोलायची गोष्ट नाही ही, पण आहे ती आहे."

मग वहिनीने विचारलं, "मला शिकवशील? त्या दिवशी सगळं त्यानेच ओढलं. मी फक्त भिंतींना धडकत होते."

छोटीने बूट काढला. पिशवीतून डबी काढली, खेळ लावला, आणि 'पूर्ण' शेजारचं 'नव्याने सुरू करा' दाबलं. वहिनीने सवयीने मला उचललं.

"तो नको, त्याची उजवी कांडी जरा जड आहे. नवीन माणसाला त्रास होतो. तू स्टँडवरचा घे, हा मला दे."

माझी कांडी जड आहे! खणात पडून पडून झाली आहे ती, बाईसाहेब. पण छोटीचे अंगठे माझ्यावर टेकले आणि माझी तक्रार तिथेच संपली. बारीक, मजबूत अंगठे, कानशीने घट्टे पडलेले. इतकी वर्षं मी ज्यांच्यासाठी जळलो ते हे. पहिल्याला वहिनीने नाजूक काच धरावी तसं धरलं होतं. भोग म्हणावं आता.

त्यांनी पहिल्याच घरातला सोफा तीनदा जिन्यावरून पाडला. "वहिनी, डावीकडे!" "माझी की तुझी?" "अगं, सोफ्याची!" दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि मी मन लावून थरथरत होतो.

संध्याकाळी दादा आला. दारातच थांबला, हत्यारांची पेटी हातातच राहिली. बघत राहिला. मग म्हणाला, "अरे वा. आणि मी?"

"तू शेवट पाहिलायस ना?" छोटी मान न वळवता म्हणाली. "मग तिकडे बस, आणि पुढचं सांगू नकोस."

तो बसला, खुर्चीच्या कडेवर. हात मांडीवर, अंगठे नुसतेच हलतायत. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बघताक्षणी ओळखलं. खणातून मी या घराकडे बघायचो तो अगदी तसाच.

दया आली मला, खोटं कशाला बोलू. म्हणून तुम्हाला विनंती करतो: या घरी कधी आलात, तर दादासाठी एक कंट्रोलर घेऊन या. बिचारा असा किती दिवस बसणार? फक्त आल्यावर त्या नव्याला माझ्यामागे ठेवा. तिसरा तो तिसराच, एवढं मात्र बघा.