पेटिग्रूची साक्ष

डुकराच्या केसांचे व्यापारी रुआन चोंगफू यांनी आयुष्यात दोन गोष्टी नेमाने केल्या होत्या. अंतर्गत जकात उठवावी, अशा प्रत्येक अर्जावर व्यापारी संघातली पहिली सही त्यांची असे. आणि त्या जकातीचा एक छदामही त्यांनी कधी भरला नव्हता. हांकौपासून शांघायपर्यंत नदीवर अकरा नाकी होती. मात्र परदेशी व्यापाऱ्याच्या नावाचा परवाना दिसला की अकराही आंधळी होत. म्हणून रुआनशेठनी एक परदेशी व्यापारी पाळला होता. दारूपायी जहाजावरून हाकललेला हा खलाशी, पेटिग्रू, गोदामाच्या माळ्यावर राही, भात-मासळी खाई आणि महिन्याकाठी परवान्यांवर सह्या करी.

त्या वर्षी शांघायला तहाची बोलणी चालली होती. नाकी उठवा, मग आयातकर दुपटीने वाढवायला आमची ना नाही, असे परदेशी सरकारांच्या वकिलांचे म्हणणे. नाक्यांनी कोणाचे काय बिघडवले ते दाखवा, असा दरबारी अधिकारी गंग यांचा हेका. वकिलांनी दप्तर चाळले. सर्वांत जास्त माल पेटिग्रूच्या नावावर होता, आणि परवाना असूनही या खेपेला त्याचे नव्वद गठ्ठे सातव्या नाक्यावर अडवलेले होते. याहून पीडित व्यापारी कुठला? त्याला साक्षीला बोलावणे आले.

रुआनशेठच्या तोंडचे पाणी पळाले. नाव भाड्याचे ठरले तर गठ्ठे जप्त, आणि वर पाठीवर फटके.

"एवढंच म्हण, नाकी फार छळतात," त्यांनी पढवले.

"मला कुठं छळतात, शेठ? मी तर माळ्यावर असतो."

"मग गप्प बस, बाबा."

पण बैठकीत गंगनी सरळच विचारले, "नाकी उठली तर तुमचा फायदा की तोटा?"

पेटिग्रूने गोदीत शिकलेल्या चिनीत प्रामाणिकपणे सांगितले, "तोटाच की, हुजूर. नाकी उठली तर मला पोसणार कोण?"

त्याचा मुनीम म्हणून मागे उभ्या असलेल्या रुआनशेठनी डोळे मिटले.

गंगनी लेखनिकाला शांतपणे मजकूर सांगितला, "सर्वांत मोठ्या परदेशी व्यापाऱ्याच्या मते, नाकी उठल्यास त्याचा धंदा बुडेल." परदेशी वकील लालबुंद झाले, परंतु साक्षीदार बनावट आहे असे म्हणावे, तर त्याच्या परवान्यावर शिक्का त्यांच्याच कचेरीचा. त्यांनी घसा खाकरला आणि पुढचे कलम काढले.

असा मोलाचा साक्षीदार दुखावणे दरबाराला परवडणारे नव्हते. चौथ्या दिवशी नव्वद गठ्ठे सहीसलामत गोदामात आले.

पाठोपाठ गंग स्वतः आले. चहा घेतला, माळ्याकडे पाहिले.

"काय खायला घालता हो त्याला, रुआनशेठ?"

"भात-मासळी, हुजूर."

"बदक घाला अधूनमधून. हुनानमधून आमच्या मेव्हण्याचं लाकडाला लावायचं थोडं तेल नाक्यांवरून यायचंय."

"थोडं म्हणजे किती, हुजूर?"

"सहा होड्या."

रुआनशेठनी कमरेत वाकून होकार दिला आणि नोकराला बदक आणायला पाठवले.