हंसाला म्हटलेलं सॉरी

कामावर जखमी झालेल्या माणसाला भरपाई द्यायची की नाही, हे मिनेसोटाच्या आमच्या भागात ओडेगार्ड बाई ठरवतात. त्यांना कुणालाही साक्षीला बोलावता येतं, वाटेल तिथे शपथ देता येते आणि अपघाताची जागा स्वतः जाऊन तपासता येते. मी त्यांचा लघुलेखक. मला फक्त टाइप करता येतं.

व्हर्लिन हॉगस्टॅड गोल्फ क्लबात गवत कापतो. तळ्यावरच्या हंसाने त्याला पाडलं आणि मनगट मोडलं. शस्त्रक्रियेचा खर्च आणि बारा आठवड्यांचा पगार अडकला, कारण पडल्या पडल्या व्हर्लिन हंसाला 'सॉरी' म्हणाला होता आणि मॅनेजर लाइल ब्रँडव्होल्डने ते ऐकलं होतं.

"डिवचल्याशिवाय माफी कोण मागतं, मॅडम?" सुनावणीत लाइल म्हणाला. "कामाच्या वेळात हंसाची खोडी काढणं हे काम नव्हे. त्याची भरपाई नसते."

बाई व्हर्लिनकडे वळल्या. "का म्हणालास रे सॉरी?"

"गेलं तोंडातून."

"आणि अर्जात दुखापतीपुढे 'विशेष काही नाही' असं लिहिलंस?"

"दोनच हाडं मोडली होती, मॅडम."

बाईंनी चष्मा पुसला आणि जागा पाहायचा अधिकार वापरायचं ठरवलं.

तळ्याकाठी वारा होता. मी माझं यंत्र एका कचरापेटीवर मांडलं. बाईंनी लाइलला, व्हर्लिन जिथे उभा होता तिथेच उभं राहायला सांगितलं.

"काय करू?"

"काही नाही. नुसते उभे राहा."

लाइल नुसता उभा राहिला. हंस पाण्यातून बाहेर आला, क्लबाच्या जुन्या सभासदासारखा, सावकाश. मग मान खाली घालून धावत सुटला. वयाच्या साठीत, पोट सांभाळत, लाइल गोल्फच्या गाडीच्या टपावर चढला. हंसाने त्याच्या लोंबकळणाऱ्या पायाची पँट पकडली.

"सॉरी हं," लाइल खाली बघून म्हणाला. "सॉरी. सॉरी."

बाई गाडीजवळ गेल्या, बेताचं अंतर ठेवून. "ब्रँडव्होल्ड, उजवा हात वर करा."

"मॅडम, उजव्या हातानेच धरलंय."

"मग डावा चालेल. खरं सांगाल अशी शपथ?"

"घेतो. आधी याला कुणीतरी हाकला."

"तो अधिकार मला नाही. तुम्ही हंसाला डिवचलंत?"

"मी? तुमच्यासमोर तर उभा होतो."

"मग सॉरी का म्हणालात?"

लाइलने पाय सोडवायला झटका दिला. तेवढ्यात त्याचा एक बूट तळ्याकडे गेला.

"सवय आहे," तो म्हणाला. "लहानपणापासून. आमच्यात दाराला धडकलं तरी म्हणतात."

"घेतलंत लिहून?" बाईंनी मला विचारलं. घेतलं होतं.

निकाल त्यांनी माझ्या कचरापेटीवरच लिहिला: खर्च मंजूर, पगार मंजूर. व्हर्लिनने तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि गाडीपाशी गेला. हंसाने त्याला ओळखलं असावं, कारण तो बाजूला झाला.

"उतरा, हात देतो," व्हर्लिन म्हणाला. "एकच आहे सध्या. सॉरी."