जास्तीचं वर्ष

"ते वाळत घातलेले कपडे आधी उचल, कॅमेऱ्यात येतायत," मंजूषा म्हणाली.

विवेकने हीटरवरचे मोजे गोळा केले आणि दुसरी जागा न सुचल्यामुळे सोफ्याच्या उशीखाली कोंबले. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. मागच्या भिंतीवर मंजूषाने लेकीची पदकं अशी टांगली होती, की ती सहजच टांगलेली वाटावीत. या सहजपणात तिची अख्खी दुपार गेली होती.

"आई, कोच हॅज सीन माय जंप्स. शी डझन्ट केअर अबाउट द वॉल," शलाका म्हणाली.

"असू दे. माणसं घर बघतात."

शलाका अठरा वर्षांची, आईपेक्षा वीतभर उंच. आल्मेरे या डच शहरातल्या क्लबात ती लांब उडी मारायची आणि गेल्या उन्हाळ्यात तिने सहा मीटर ओलांडले होते. इथल्या शाळांमधून खेळाडू घडत नाहीत. खेळ क्लबात, अभ्यास शाळेत, दोघांची गाठ पडत नाही. अमेरिकेत मात्र कॉलेजच खेळाडूला बोलावतं, शिकवतं, राहायला जागा देतं. तिथल्या ब्रेंडा नावाच्या कोचबाईंनी शलाकाच्या उड्यांचे व्हिडिओ पाहून तिला टीममध्ये घ्यायचं कबूल केलं होतं. फक्त शाळेची कागदपत्रं तपासून व्हायची होती. तेवढं बाकी असतानाच मंजूषाच्या सासूबाईंनी कोथरूडच्या हास्यक्लबात बातमी जाहीर करून टाकली होती आणि मंजूषाने स्वतः गणपतीत, आरती संपता संपता, इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या बायकांना सांगितलं होतं.

ब्रेंडाबाई पडद्यावर आल्या त्या हसल्या नाहीत. अमेरिकन माणूस सुरुवातीला हसला नाही तर प्रकरण गंभीर असतं, हे विवेकला नोकरीतल्या अनुभवाने ठाऊक होतं. त्याने पाठ ताठ केली.

"शलाका, तू मधे एक वर्ष पुन्हा केलं होतंस का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"येस. फोर्थ इयर."

बाईंनी सावकाश समजावलं. त्यांच्याकडे खेळायचं तर हायस्कूल ठरलेल्या वर्षांत पूर्ण झालेलं लागतं. जास्तीच्या वर्षात शिकलेले विषय धरत नाहीत, आणि ते वगळले की शलाकाचे विषय कमी पडतात. त्यांनी दोनदा अर्ज करून पाहिला होता. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं होतं.

"पण ती नापास मुलगी नाहीये," मंजूषा पुढे सरकत म्हणाली. घाईत तिचं इंग्रजी अडखळलं. "हे सगळ्यात अवघड शिक्षण आहे इथलं. दुसऱ्या खेपेला तिला उत्तम मार्क पडले."

"मला पटतंय," ब्रेंडाबाई म्हणाल्या. "पण अवघड शाळा लागतच नव्हती. वेळेत संपलेली लागत होती."

विवेक इंजिनिअर माणूस. काही बिघडलं की कुठे बिघडलं हे पाहिल्याशिवाय त्याला राहवत नाही. त्याने विचारलं, "समजा, तेव्हा वर्ष पुन्हा न करता तिने खालच्या शाखेतलं हावो घेतलं असतं तर?"

"ते पाच वर्षांचं? मग काही प्रश्नच नव्हता. तेच करून आलेली एक मुलगी आमच्या रिलेत पळते."

विवेकला आपण काय विचारून बसलो हे कळेपर्यंत उशीर झाला होता. मंजूषा पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

या देशात मुलं बारा वर्षांची झाली की त्यांच्या वाटा वेगळ्या करतात. हुशारांसाठी व्हेवेओ, सहा वर्षांचं, थेट विद्यापीठात नेणारं. त्याच्या खाली हावो, पाच वर्षांचं, मग धंदेशिक्षणाचं कॉलेज. डच लोकांना यात वावगं काही वाटत नाही. मराठी घरांत मात्र हावो हा शब्द दुखण्याचं नाव घ्यावं तसा हळू आवाजात उच्चारतात.

शलाका व्हेवेओच्या चौथ्या वर्षात असताना शाळेच्या मेंटरने दोघांना बोलावलं होतं. भला माणूस होता. कॉफी दिली, बरोबर मोजून एकेक बिस्किट दिलं आणि म्हणाला, "मुलगी दमलीय. हावोला पाठवा. वर्ष वाया जाणार नाही, ती खुलेल तिथे." विवेक जवळजवळ पटल्यासारखी मान हलवत होता. मंजूषा म्हणाली, "आमच्याकडे कोणी एक पायरी खाली उतरत नाही. ती वर्ष पुन्हा करेल."

खरं तर उतरलेलं माणूस त्या खोलीतच बसलं होतं. मंजूषा पुण्याची एम.एस्सी., सेंद्रिय रसायनशास्त्र, पहिला वर्ग. नवऱ्याच्या मागून इथे आली तेव्हा तिची पदवी तपासायला पाठवली. ती इथल्या मापाने एक पायरी खालची ठरली. लॅबवाल्यांनी सभ्य नकार कळवले. आता ती बाडहूव्हडॉर्पला एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात बसते आणि कुठल्या पेटीवर ज्वालाग्राहीचं लेबल हवं, कुठल्या पेटीवर विषारीचं, ते बघते. नोकरी वाईट नाही. पण त्या एका पायरीची ठेच तिच्या मनातून कधी गेली नाही.

परत येताना गाडीत मागच्या सीटवरून शलाका म्हणाली होती, "आई, मला हावो चालेल. रिअली. मग ट्रेनिंगला पण टाइम मिळेल."

"तुला काय कळतंय आत्ता? पुढे आभार मानशील माझे."

पुढचं वर्ष शलाकाने आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात काढलं. जुन्या मैत्रिणी वरच्या मजल्यावर गेल्या. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन सायकली लावायच्या जागी बसायची, हे मंजूषाला फार नंतर, दुसऱ्याच कुणाच्या आईकडून कळलं. तोपर्यंत मंडळात मंजूषाचा लौकिक झाला होता. मुलीला हावोपासून वाचवणारी आई! शाळेचं पत्र आलं की घाबरलेल्या बायका तिला फोन करायच्या आणि ती त्यांना धीर द्यायची. मनापासून द्यायची, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

ब्रेंडाबाईंनी एक रस्ता सुचवला होता. आधी दोन वर्षं तिकडच्या एखाद्या लहान कॉलेजात काढायची, मग त्यांच्याकडे यायचं. शलाकाने आठवडाभर विचार केला आणि जेवताना सांगून टाकलं, "आय डोन्ट वॉन्ट टू वेट अगेन." एवढंच. मग तिने आणखी कोशिंबीर वाढून घेतली.

कुणीही मंजूषाला दोष दिला नाही. विवेक म्हणाला, "आपल्याला काय स्वप्न पडलं होतं का त्या नियमाचं?" सासूबाई म्हणाल्या नशीब. क्लबच्या ट्रेनरबाईंनी तर त्या नियमाला डचमध्ये चांगली सणसणीत शिवी हासडली. मंजूषाही काही दिवस नियमावर चिडून पाहत होती. पण राग फार दिवस पुरला नाही. तो सरला आणि मागे उरली ती गाडीच्या मागच्या सीटवरून बोलणारी पंधरा वर्षांची मुलगी. शलाकाने आदळआपट केली असती, दार लावून घेतलं असतं, तर मंजूषाला बरं वाटलं असतं. शलाका वेळेवर ट्रेनिंगला जात होती, वेळेवर जेवत होती. पोरीच्या त्या समजूतदारपणाने आईचा जीव आतल्या आत तुटत होता.

अशातच आम्स्टेलव्हेनच्या रूपालीचा फोन आला. "ताई, आमच्या सईला पण हावो म्हणतायत हो. तुम्ही कसं पटवलंत शाळेला तेव्हा?"

"गॅसवर काहीतरी ठेवलंय गं, मग बोलते," मंजूषा म्हणाली आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. ती ओट्याला टेकून तशीच उभी राहिली.

फेब्रुवारीत शलाकाने युट्रेख्टच्या एका कॉलेजचा ओपन डे शोधून काढला. तिला फिजिओथेरपी शिकायची होती. विवेकला ऑफिसचं काम निघालं, म्हणून मायलेकी दोघीच ट्रेनने गेल्या. दारात नारिंगी टी-शर्ट घातलेली एक विद्यार्थिनी सगळ्यांचं स्वागत करत होती.

"हावो करतेयस की व्हेवेओ?" तिने शलाकाला विचारलं.

"व्हेवेओ."

"बापरे! इथे यायला त्याची काही गरज नव्हती," ती मुलगी मोकळेपणाने हसली. "माझं हावो. मी सतराव्या वर्षीच आले इथे."

शलाकाही हसली. मंजूषाने हसायचा प्रयत्न केला आणि तिथे मांडलेली माहितीपत्रकं उगीचच सरळ करायला लागली.

कॅन्टीनमध्ये दोघींनी टोमॅटोचं सूप घेतलं. आजूबाजूला आईबाप आणि मुलं, डच गलका. इतक्या दिवसांचं जिभेवर आलेलं आणि गिळलेलं तिथे, त्या गर्दीत, मंजूषाच्या तोंडून निघून गेलं.

"शलाका, हे माझ्यामुळे झालं ना?"

विचारतानाच तिला उत्तर ऐकू येत होतं. नाही गं आई. इट्स ओके, आई. त्यावर आपण काय म्हणायचं हेही तिने ठरवून ठेवलं होतं.

शलाकाने चमचा खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. मंजूषा पुढच्या 'पण'ची वाट पाहत राहिली, आणि तो आला नाही. शलाकाने तिच्याकडे नीट पाहिलं, नजर काढून घेतली नाही, आणि मग उरलेलं सूप संपवलं. मंजूषाला रडू आलं नाही. आपण अजून माफी मागितलेलीच नाही, विचारलं होतं ते फक्त 'नाही' ऐकण्यासाठी, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तू सांगितलं होतंस."

"हं." शलाकाने ट्रे उचलला. "चल, प्रॅक्टिकल सुरू होईल."

वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये उपचारांची निळी टेबलं ओळीने मांडली होती. बरोबर आलेल्या पालकांनी पेशंट व्हायचं आणि मुलांनी गुडघा कुठवर वाकतो ते तपासायचं. मंजूषा कोट काढून, बूट काढून टेबलावर आडवी झाली. एका मोज्याचा अंगठा झिजला होता. तिने तो दुसऱ्या पायाखाली लपवायचा प्रयत्न केला. शिक्षकाने दाखवलं तसा शलाकाने एक हात गुडघ्याखाली घातला, दुसऱ्याने टाच धरली.

"दुखलं की सांग."

"हो."

लेकीचे हात उबदार होते, आणि मंजूषाला वाटलं होतं त्यापेक्षा जाणते. गुडघा सावकाश वाकत गेला. एका ठिकाणी चांगलीच कळ आली. मंजूषाने टेबलाची कड धरली आणि छताकडे पाहत राहिली.

शलाका थांबली. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टेबलाची कड धरलेल्या हाताकडे.

"सांगायचं असतं, आई," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तो पाय हळूहळू सरळ करून टेबलावर ठेवला.